फ्यूज उडाला होता

सत्तरच्या दशकात सक्करदऱ्याकडच्या आमच्या वस्तीत लाउडस्पीकर एकट्या माझ्याकडे होता. एक मशीन, दोन भोंगे, एक माइक आणि भरपूर तोरा. नामकरण असो की सभा, माझ्यावाचून कोणाचं पान हलत नसे आणि हे मी कोणाला विसरूही देत नसे.

त्या काळी आमच्या बौद्ध वस्त्यांमध्ये एका कव्वाली गाणारीचं नाव गाजत होतं. तिला ऐकायला थेट भिवापूरकडून माणसं यायची. नवरा सोडलेली, पेटीवाल्यासोबत लग्नावाचून राहणारी, भर मंचावर पान चघळणारी. बाया तिचं नाव निघालं की नाक मुरडायच्या आणि तिच्या कार्यक्रमाला दुपारपासून सतरंज्या टाकून जागा धरायच्या. मी काही वेगळा नव्हतो. तिच्या रेकॉर्डचा तवा दिवसातून चारदा वाजवायचो आणि चहाच्या टपरीवर तिच्याबद्दल नको नको ते बोलायचो.

एका जयंतीला विहारासमोरच्या मैदानात तिचा कार्यक्रम होता. रंगात आल्यावर तिनं एक कडवं जागच्या जागी जुळवलं. मंचावरून मुलींच्या शिक्षणावर तासभर बोलणारे पुढारी घरी जाऊन स्वतःच्या पोरीची शाळा सोडवतात, असा त्याचा अर्थ. आमच्या जयंती कमिटीच्या अध्यक्षांनी महिन्याभरापूर्वीच सातवीतल्या मुलीचं लग्न लावून दिलं होतं. सगळं मैदान हसलं. मीही हसलो. अध्यक्ष पहिल्या रांगेतून उठले आणि माझ्या टेबलाशी आले.

"आवाज बंद कर गा."

"काहून?"

"पुढच्या वर्षी भोंगे लावाचे हायेत का नाही तुले?"

मी माइकचं बटण डावीकडे फिरवलं. त्याला जोरही लागला नाही. ती तशीच उघड्या गळ्यानं दोन कडवी गायली, पण पुढच्या चार रांगांपलीकडे काही पोचेना. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटी ती थांबली आणि मंचावरून उतरून माझ्याकडे आली.

"काय झालं, भाऊ?"

"फ्यूज उडाला, बाई."

तिनं मशीनकडे पाहिलं. मशीनवरचा लाल दिवा पेटलेला होता. फ्यूज उडाला की तो विझतो, हे गावोगाव गाऊन आलेल्या बाईला कोणी शिकवायला नको होतं. तिनं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर खोचला आणि पेटीवाल्याला सामान आवरायला सांगितलं.

पुढच्या वर्षी आमच्या कमिटीनं तिला बोलावलं नाही, मग शेजारच्या वस्तीनं नाही. ती खेड्यापाड्यांत लग्नाकार्यात गाऊ लागली. गळा बसला तिचा, असं मी टपरीवर सांगायचो.

तीन-चार वर्षांनी सरकारी दवाखान्यात क्षयानं ती गेली. मयतीला दहा-वीस माणसं आली तर खूप, असं मला वाटलं होतं. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नाक मुरडणाऱ्या बाया ऊर बडवून रडत होत्या. कालपर्यंत तिनं नवरा सोडला होता, आता नवऱ्यानंच तिला छळून हाकललं होतं. पेटीवाला एका दिवसात तिचा गुरुभाऊ झाला. आणि त्या कार्यक्रमाची तर कहाणीच झाली. फ्यूज उडाला तरी बाई थांबली नाही, बिनामाइकची गायली, पार शेवटच्या रांगेला ऐकू आलं! ज्यांनी शिट्ट्या मारल्या तेच हे सांगत होते, आणि खरं की नाही म्हणून माझ्याकडे पाहत होते. मी मान डोलवायचो.

कमिटीनं शोकसभा ठरवली. तिची थोरली बहीण विड्या वळायची, शेवटचं दुखणं तिनंच काढलं होतं. अध्यक्षांच्या हस्ते तिला शाल द्यायचं ठरलं. तिनं येत नाही म्हणून निरोप पाठवला आणि सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ती स्वतःच माझ्या लाउडस्पीकरच्या दुकानात आली.

"भाऊ, एक खरं सांगा. ती मरेपर्यंत म्हणून राहिली होती, आपल्याच लोकाइनं माह्या आवाज बंद केला. म्हणे लाल दिवा पेटूनच होता. फ्यूज उडाल्यावर दिवा पेटते काय?"

मी वायर गुंडाळत होतो, गुंडाळतच राहिलो.

"मुद्दाम केलं असन तं मी त्या मंचावर पाय ठेवत नाही," ती म्हणाली. "त्याइच्या हातची शाल तं नाहीच घेत. तुमी सांगान तसं करतो."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग बटण कोणी फिरवलं, हेही सांगावं लागलं असतं.

"पेटते कधी कधी," मी म्हणालो. "जुनी मशीन होती, बाई."

"तुमाले समजते त्यातलं. मले काय." तिचा चेहरा एकदम हलका झाला. तो हलका झालेला चेहरा मी आजही विसरू शकत नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती धुवट पातळ नेसून मंचावर चढली. अध्यक्षांनी तिच्या बहिणीच्या आवाजाची तारीफ करत भाषण केलं, तिच्या अंगावर शाल घातली. तिनं ती घेतली, वाकून नमस्कार केला आणि दोन शब्द बोलायचं म्हणून माइकपाशी आली.

"माही बहीण तुमच्यावर उगाच आळ घेऊन गेली," ती म्हणाली. "तिले मशीनचं काय समजत होतं. तिच्यावतीनं मी तुमाले सगळ्याइले माफी मांगतो."

अध्यक्षांनी मोठेपणानं हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा आवाज बारीक होता, मागच्यांना नीट ऐकू जात नव्हता, म्हणून मी बटण उजवीकडे फिरवलं आणि आवाज वाढवून दिला.