वहिनीची कॅसेट

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. सांगून हलकं वाटेल म्हणावं, तर तसं काही वाटेनासं होऊनही बरीच वर्षं झाली.

टीव्हीच्या पडद्याचं शूटिंग केलं की चित्रावर काळे पट्टे सरकतात, सगळं थरथरतं — पाहिलं असेल तुम्ही. ते टाळता येतं. टीव्हीचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटतं, म्हणून कॅमेऱ्याचं शटरही पन्नासवर ठेवायचं. ऑटोवर सोडायचं नाही. खिडक्यांचे पडदे ओढायचे, फोकस हातानं पक्का करायचा, कॅमेरा स्टँडवर, अगदी समोर. एवढंच. मी चिकलठाण्याला कंपनीत होतो आणि रविवारी लग्नांचं शूटिंग करायचो. मला हे येत होतं — एवढं लक्षात ठेवा.

आमचं घर मेंढपाळाचं, फुलंब्रीच्या बाजूचं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. वहिनीनं मला पाठीशी बांधून मेंढरांमागं फिरवलं, पुढं हट्टानं शाळेत घातलं. आणि औरंगाबादेत मी घरमालकांना काय सांगितलं होतं? की गावाकडं आमची मोसंबीची बाग आहे. यंदा बहार कसा आहे, असं ते आपुलकीनं विचारत. मी उत्तर द्यायचो. तपशिलात द्यायचो.

एकदा टीव्हीची माणसं गावात आली आणि वहिनीला लोकर कातताना टिपून घेऊन गेली. कार्यक्रम ज्या दुपारी लागणार होता तेव्हा ती मेंढरं घेऊन सोयगावकडं असणार होती. गावात तेव्हा टीव्ही नव्हता. दादाचा निरोप आला : तुझ्याकडं कॅमेरा आहे, भरून ठेव, परतल्यावर बघायला येऊ, घरमालकांनाही बोलवू. वहिनीला एकच हौस होती — आपण दिसतो कशा, ते बघायची. घरात आरसा होता, तो तळहाताएवढा.

त्या दुपारी मी सगळं नीट लावलं. खरंच नीट. चित्र स्वच्छ येत होतं. वहिनी टकळी फिरवत होती, पदरातून पांढरे केस निसटलेले, तोंडावर हात धरून हसत होती. मग तिनं माझं नाव घेतलं. आडनावासकट. म्हणाली, "लहानपनी माज्यासंगं मेंढरं राखली त्यांनी. आता चिकलठान्याला सायब हायेत."

माझा हात शटरकडं गेला. मीच ते वाढवलं. पट्टे सरकायला लागले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत मी ते सरकू दिले.

इथवरचं मी कधीतरी सांगूनही टाकलं असतं. माणूस घाबरतो, हात जातो — कोण समजून घेणार नाही? पण पुढचं?

पुढचं असं, की मी कॅसेट लावून पाहिली. पहिली तीन मिनिटं काचेसारखी होती. आधी चांगलं आणि मग पट्टे, हे कसं पटवणार? लाइट गेली होती म्हणालो असतो तर काम भागलं असतं. पण मला दोष नको होता, आणि खटपट केल्याचं श्रेय मात्र हवं होतं. मी चहा केला. प्यालो. मग कॅसेट मागं नेली, लेन्सला झाकण लावलं आणि त्या तीन मिनिटांवर काळं भरलं. भरेपर्यंत घड्याळाकडं बघत उभा राहिलो. मध्येच थांबवता आलं असतं का? — हो.

दोन महिन्यांनी दोघं आली. वहिनी नवं लुगडं नेसून आली होती. घरमालक बाहेरगावी गेलेत, असं मी सांगून टाकलं. ते खाली ओट्यावरच होते, पण दादाला ते कुठं माहीत होते? मी काळा भाग सोडून कॅसेट लावली. वहिनी पडद्याच्या अगदी पुढ्यात बसली आणि पट्ट्यांमध्ये स्वतःला शोधत राहिली. मी शटर, पन्नास, सेकंद, सगळं समजावून सांगितलं. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त इलाज नसतो, एवढं खोटं. दादानं मान हलवली.

"यंत्राला काय करता," वहिनी म्हणाली. मग थोड्या वेळानं : "पर भावजी, तुमचं नाव घेतलं व्हतं मी. ते कुठं गेलं?"

टीव्हीवाल्यांनी कापलं असेल, असं मी म्हणालो.

"मला वाटलं, तुमाला बरं वाटंल," वहिनी म्हणाली.

चेहरा दिसला नाही याबद्दल तिनं पुढं कधी चकार शब्द काढला नाही. पण माझं नाव कापलं म्हणून टीव्हीवाल्यांना ती गावभर नावं ठेवत राहिली. मी सणाला जायचो, ते ऐकायचो आणि तिनं वाढलेलं जेवायचो.

वहिनी गेली. मेंढरं राखणारी, कातणारी, हसणारी ती कशी दिसायची, ते तिनं कधीच पाहिलं नाही. मी पाहिलं — तीन मिनिटं — आणि मग पुसून टाकलं.