चाबूकस्वाराची सायकल

सायकलीवर बसण्याआधी तो तिच्या मानेवर थोपटायचा. मान म्हणजे हँडलखालचा दांडा. मग किंचित वाकून "चला, बाईसाहेब," म्हणायचा आणि टांग टाकायचा. आमच्या रविवारच्या सायकल क्लबातली मंडळी तोवर पुढच्या वळणाला पोचलेली असायची. त्याला घाई नसे.

महाराजांच्या राज्यात कोल्हापुराला सायकल अजून नवलाची होती, तेव्हाची ही गोष्ट. क्लब म्हणजे एक वकीलसाहेब, मी शाळामास्तर, काही कारकून, काही दुकानदार. आणि हा. हा सरकारी पागेत चाबूकस्वार होता, म्हणजे नव्या घोड्यांना वळण लावणारा. धिप्पाड, मिशाळ, तिशीला टेकलेला आणि तरी बिनलग्नाचा. आम्ही त्याला सरदार म्हणत असू आणि तोही खुशाल ओ देई.

आता तुम्ही म्हणाल, घोडे वळवणाऱ्याला सायकल ती काय जड! बसायला नव्हतीच जड. घोटाळा थांबण्याचा होता. सायकलीला ब्रेक होता, पण सरदार त्याला बोट लावीत नसे. त्याच्या लेखी तो काटेरी लगाम होता.

"तोंड फाडून थांबवायचं व्हय जनावर? आवाजावर थांबलं पायजे, मास्तर."

"अहो, पण हे जनावर नाही!"

"म्हणून तर शिकवाय लागतंय की!"

आणि "होऽ होऽ" करीत तो आमच्यामधून निघून जायचा. पंचगंगेच्या पुलापलीकडे आमची विसाव्याची जागा होती. तिथे दोघांनी आधी उतरून, बाह्या सरसावून, सरदाराला झेलायला उभे राहायचे, हा क्लबाचा नियमच होऊन बसला. झेलला गेला की तो सायकलीला शाबासकी द्यायचा. आम्हाला नव्हे!

अशातच त्याचे लग्न ठरत आले. मुलगी पेठ वडगावची, बापाचे उसाचे गुऱ्हाळ. महाराजांच्या पागेतला स्वार म्हणून बापाने होकार दिलेला, आणि कुणीतरी त्याच्या कानी घातले की होणारा जावई हल्ली लोखंडावर बसतो. निरोप आला, "आम्ही घोड्यावरचा माणूस बघितलाय, चाकावरचा न्हाय. एकदा डोळ्यानं बघतो, मग बोलू."

"मग सायकल घरी ठेवा आणि घोड्यावरून जा," वकीलसाहेबांनी सल्ला दिला.

"फसवून लगीन करू व्हय?" सरदार म्हणाला. पण चेहरा पार उतरला होता. मुलगी त्याने जत्रेत एकदाच, तीही लांबून पाहिली होती आणि तेवढ्यावर एवढा मोठा गडी विरघळला होता. हे लग्न मोडले तर तो दुसरे करणार नाही, हे आम्हाला न सांगता कळत होते.

झाले, पुढच्या रविवारची सहल वडगावला ठरली. मी आणि वकीलसाहेबांनी पुढे जायचे, गुऱ्हाळाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि सरदार आला की गळाभेटीच्या निमित्ताने त्याला झेलायचे. मुलीच्या बापाला पत्ता लागायचा नाही.

घात केला तो रसाने. पोचल्याबरोबर वकीलसाहेबांच्या हातात रसाचा तांब्या आला आणि ते जगाला विसरले. एवढ्यात उतारावरून "होऽ होऽ" ऐकू आले. मी एकटाच हात पसरून वाटेत उभा राहिलो आणि तो जवळ येताच तितक्याच तत्परतेने बाजूला झालो. शेवटी मी मास्तर माणूस!

सरदार आत घुसला. समोर रसाची उकळती काहील. ती चुकवायला त्याने सायकल वळवली ती थेट चरकाच्या रिंगणात. बैल चरक ओढीत गोल फिरत होते, त्यांच्यामागे हाही गोल फिरू लागला.

"पावणं, उतरा की!" बाप ओरडला.

"उतरतोय की, मामा! होऽ! होऽ!"

त्या हाकेसरशी बैल जागच्या जागी थांबले. सायकल तेवढी थांबली नाही. बैलांना वाचवायला त्याने हँडल मुरडले आणि सगळे प्रकरण चिपाडांच्या ढिगात गेले. वर नुसते दोन पाय उरले.

सोयरीक मोडली, असेच मला वाटले. तेवढ्यात ढिगातून आवाज आला, "बैलांस्नी लागलं न्हाय न्हवं?"

बाप बैलांकडेच बघत होता. "नवी खोंडं हायती ही," तो सावकाश म्हणाला. "काठी मोडली माझी, पर हाकंला थांबत न्हवती." मग त्याने स्वतः ते दोन पाय धरून ओढले. "या भाईर, जावईबापू!"

खोपीच्या दाराआड मुलगी पदराचा बोळा तोंडात धरून हसत होती. मिशीतली चिपाडे झटकत सरदाराने तिकडे पाहिले आणि तोही हसू लागला. मग काय, वकीलसाहेबांच्या नाकातून रस आला.

लग्नानंतर सरदार रविवारी येईनासा झाला. त्याच्याविना क्लब फार शहाणा झाला, आणि मला त्या शहाणपणाचा कंटाळा येई. आता तर त्याला जाऊनही पुष्कळ वर्षे झाली.

मला तो आठवतो तो एका संध्याकाळी वडगावच्या वाटेवर भेटलेला. सायकल हाताने ढकलीत पायी चालला होता. मागे गाठोडे बांधलेले, शेजारी बायको. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती. मला पाहून गप्प झाली.

"चालत का, सरदार? सायकल मोडली की काय?"

त्याने आवाज खाली आणला. "घरात चार माणसांत आमाला बोलाय कुठं गावतंय, मास्तर? वर बसलं की गाव लगीच येतंय."

ती लाजून पुढे झाली. तोही निघाला, आणि दोघे उसाच्या आडोशाने आणखी सावकाश चालू लागली.