मापाचं ब्लाऊज

माझ्या थोरल्या नणंदेइतका संशयी जीव अख्ख्या रायपुरात नसेल. पुरानी बस्तीतल्या देवळातला प्रसादसुद्धा ती वास घेऊनच तोंडात टाकते. दूधवाल्याच्या मापावर तिचा भरवसा नाही आणि शेजारणीच्या उपासावर तर मुळीच नाही. पाळी गेली, कंबर वाढू लागली, तेव्हा तिने पंडरी बाजारातल्या शिंप्याला धारेवर धरलं. दर वेळी पंधरा वर्षांपूर्वीचं तेच मापाचं ब्लाऊज ती त्याच्यापुढे टाकायची आणि नवं अंगात शिरलं नाही की कडाडायची, "भैया, कपडा काहून मारून राहिला?" असे तिने तीन शिंपी बदलले, मापाचं ब्लाऊज मात्र बदललं नाही.

शेवटी मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे चपला, बांगड्या काढून ती वजनकाट्यावर चढली आणि मग काटा खोटा आहे का, हे बघायला मलाही चढवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, चरबी नुसती बसून राहत नाही. तीही हार्मोन सोडते. भूक किती, साखर कशी वापरायची, हे निरोप त्यातून शरीराला जातात. पाळी गेल्यावर चरबी पोटाभोवती जमते अन् निरोप बिघडतात. शुगर तपासून घ्या." नणंदेचे डोळे चमकले. सारं जग धुंडाळून झालं आणि चोर घरातच निघाला होता! रिक्षात पोटाकडे रोखून बघत ती म्हणाली, "याले मी खाऊ घालून राहिली, अन् हे माहीच चुगली करून राहिलं!"

साखर काठावर निघाली. तेव्हापासून ती पोटावर पाळत ठेवून असते. सकाळी तलावाला फेऱ्या मारते, भात अर्धा खाते आणि अवेळी भूक लागली की तिलाच दरडावते, "खरी हायेस का खोटी?"

परवा मी सहज बोलून गेले की माझी पाळीही आता दोन-दोन महिन्यांनी येते. दुसऱ्या सकाळी ही मोजायची फीत घेऊन दारात हजर! "काही खाल्लं नाहीस न? चाल, रक्त द्याले."

"ताई, आता माझ्यावरही शक?" मी वैतागलेच.

ती फीत बोटाला गुंडाळत राहिली. "आमच्या आईवर कोणीच शक नाही केला. लठ्ठ झाली म्हणून सारे हसत होतो, मीबी. डोळे गेले तवा समजलं, शुगर होती."

मी चपला घातल्या. लॅबमध्ये सुई नवी आहे ना, हे तिने दोनदा विचारलं आणि माझा हात घट्ट धरून बसली. माझी आई गेल्यापासून माझ्यावर इतका संशय कोणी घेतला नव्हता.