खानझोडे सरांची जेली

पाण्याचं दुर्भिक्ष पुरुषोत्तम खानझोड्यांनी अकोल्यात उभा जन्म पाहिलं, पण खरी तहान त्यांच्या वाट्याला आली ती अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये, जिथे नळाला चोवीस तास पाणी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर बायको गेल्यावर लेकीकडे, देवयानीकडे, राहायला आले होते. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं, आणि गिळणं बिघडलं. पाण्याचा घोट अन्नाच्या वाटेनं जायचा सोडून श्वासाच्या वाटेनं फुप्फुसात उतरू लागला.

गिळण्याचं तपासायला हॉस्पिटलात एक स्पीच थेरपिस्ट होती. तिनं बजावलं, पातळ काहीही द्यायचं नाही. पाणी, चहा, ताक, सगळ्यात एक पांढरी पावडर घालायची आणि मधाइतकं दाट करायचं. देवयानीनं नियम म्हटला की तो पाळायचाच. हा गुण सरांचाच. ऑफिसचं काम घरून करायला मागून घेतलं आणि दिवसभर ती पावडर घोटत बसली. चहा जरा वेळ ठेवला की त्यात चमचा उभा राहायचा. बाबा दोन चमचे घेत आणि तोंड फिरवत.

"खळ," ते म्हणत.

खोटं नव्हतं. पावडर म्हणजे स्टार्चच. ज्या माणसानं आयुष्यभर खळ कशी होते ते शिकवलं, त्याला आता तीच प्यायला मिळत होती. देवाला कधी कधी काही कळत नाही, दुसरं काय म्हणायचं!

सोल आणि जेल हा सरांचा आवडता धडा. शब्द फळ्यावर आले की मागच्या बाकावरून एक जण बुटाचा तळ दाखवी, दुसरा बेड्या पडल्यासारखी मनगटं जोडी. सर खडू खाली ठेवत. "बूट आणि तुरुंग झाले असतील तर शिकू या," म्हणत आणि दह्याचं भांडं उलटं धरत. कण सुटे सुटे वाहतात तो सोल. त्याच कणांनी एकमेकांचे हात धरले आणि मधे पाणी कोंडलं की जेल. पाणी कुठे जात नाही, त्याला फक्त वाहता येत नाही. जेवणाच्या टेबलावर हा धडा देवयानीनंही लहानपणी ऐकला होता, आणि कॉमर्सला गेलेली मुलं विसरतात तशी ती विसरली होती.

एक दिवस तिची मुलगी अबोली शाळेतून येऊन लाल जेली खात होती. बाबांनी डावा हात उचलला.

"ते."

"बाबा, त्यात जिलेटिन असतं. हाडांचं," देवयानी म्हणाली. तिला हसूच आलं. अमेरिकेत आल्या आल्या याच माणसानं दुकानात डब्याडब्यावरची बारीक अक्षरं वाचून तिला जिलेटिन ओळखायला शिकवलं होतं. अंड्याचा केकसुद्धा त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता.

"माहीत," बाबा म्हणाले.

तिनं इंडियन स्टोअरमधून चायना ग्रास, ते समुद्री शेवाळाचं, आणून छान शाकाहारी जेली केली. बाबांनी तुकडा टाळूला दाबून धरला, वाट पाहिली आणि थुंकून टाकला.

"वितळत नाही."

चिवट लागली असेल, असं तिला वाटलं. मग मनाचा हिय्या करून तिनं खरी जेली आणली. बाबा डोळे मिटून तो तुकडा कितीतरी वेळ तोंडात धरून राहिले. चेहरा असा निवला की देवयानीला रडू फुटलं. खळीपेक्षा जेली घट्ट, म्हणजे धोका नाही, असा तिचा सरळ हिशेब. त्यानंतर रोज जेली. कधी लाल, कधी हिरवी. बाबा हसायला लागले. मग खोकायला लागले. मग ताप चढला.

न्यूमोनिया. हॉस्पिटलात तीच थेरपिस्ट आली आणि बाबा काय काय खातात ते विचारू लागली. जेली म्हटल्यावर ती थांबली. हळू आवाजात म्हणाली, "जेली तोंडाच्या उबेनं वितळते. घशाशी पोचेपर्यंत तिचं पाणी झालेलं असतं."

 देवयानी तडक बाबांच्या खाटेशी गेली.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

सोपा प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे सर पाहत, तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या हातानं!" ती ओरडलीच. "माझ्या हातानं करवून घेतलंत तुम्ही हे! मी काय करायचं आता?"

त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "तहान, बेटा," ते म्हणाले. "फार तहान."

तिचा राग गेला नाही. पण मनगटही तिनं सोडवून घेतलं नाही.

अन्नपाण्यासाठी पोटातून नळी घालू या, डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान हलवली, नाही. मग त्यांना घरी आणलं. घरी येणाऱ्या नर्सनं देवयानीला बाजूला घेऊन सांगितलं की आता पथ्य नको, त्यांना जे हवं ते द्या. देवयानीनं साधं पाणी दिलं, एकच चमचा. त्यानं असा ठसका लागला की बाबा निळे पडले. पुन्हा तो चमचा उचलायचा तिला धीर होईना. आणि बाबा तर ओठ चाटत पाण्याकडे पाहत होते.

देवघरात आईनं काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू होता. आतलं पाणी कुठल्या नळाचं आहे कोण जाणे, असं बाबा आईला नेहमी चिडवत. देवयानीनं सील फोडलं. पाणी उकळलं आणि त्यात जिलेटिन घातलं. आईला हे मुळीच चाललं नसतं. रंग नाही, साखर नाही, नुसतं पाणी, हात धरून बसवलेलं.

तिनं अगदी बारीक तुकडा बाबांच्या जिभेवर ठेवला. थेरपिस्टनं शिकवलं होतं तशी त्यांच्या गळ्यावर बोटं टेकवली आणि जीव मुठीत धरून थांबली. गळा वर सरकला, खाली आला. खोकला आला, पण थोडाच.

"आईचं काशीचं आहे," ती म्हणाली.

बाबांचा डावा गाल हलला.

"वितळलं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.