गुडघाभर पाण्यात अडकलेला बाप्तिस्मा

आमच्या गल्लीत नळ दुरुस्त करणारे दोघे. एकाला लोक नावाने हाक मारतात आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्याला वायसर म्हणतात. कुठलाही गळका नळ बघितला की हा मान हलवणार आणि म्हणणार, "वायसर गेलंय." नवरा-बायकोचं बिनसलं, कुणाचं दुकान बसलं, तरी याचं निदान तेच. शेवटी लोकांनी निदानच त्याच्या गळ्यात बांधलं.

वायसर पन्नाशीचा, एकटा. लग्न करायचं राहून गेलं. घरचं माणूस म्हणाल तर एक थोरली बहीण. याच्या बाळंतपणात आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची. तिनेच याला अंगाखांद्यावर वाढवलं. त्यांच्या जुन्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. त्या दिवशी बाळ ताईच्या हातात होतं, आणि बाळाच्या वतीने "हो" म्हणणारीही तीच. ही हकिकत तिने गल्लीत प्रत्येकाला दोनदा तरी ऐकवली आहे. मला नऊ वेळा.

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर बाप्टिस्टांचं चर्च. तिथली टाकी वीस वर्षं वायसरच्या ताब्यात. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली फरशी बसवलेली टाकी, उतरायला सहा पायऱ्या. तिच्यात माणसाला अख्खं बुडवून बाप्तिस्मा देतात, आणि तोही जाणत्या माणसाला, ज्याने आपल्या तोंडाने मागितला त्यालाच. टाकी भरता-उपसता हा मागच्या बाकावर टेकायला लागला. आधी दहा मिनिटं, मग अख्खी सकाळ. आणि वीस वर्षांनी एक दिवस म्हणाला, मलाही घ्या.

आता कबूल करतो, या लोकांविषयी गल्लीला जे काही ठाऊक होतं त्यातलं बरंचसं मीच पुरवलेलं. माणसाला सात मिनिटं पाण्याखाली दाबून धरतात, हे माझं. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्याच्या काठात शिसं शिवतात ते माणसाने वर येऊ नये म्हणून, हेही माझं. शिसं खरंच असतं. झगे शिवणाऱ्या बाईंनी मला दाखवलं होतं. पाण्यात झगा तरंगून वर येऊ नये म्हणून घालतात बिचाऱ्या. बाकीचा मीठमसाला मी पदरचा घातला. गिऱ्हाईक नसलं की हातांना काम नसतं, मग जिभेला द्यावं लागतं.

ताईला मात्र सात मिनिटांची धास्ती नव्हती. तिचं दुखणं वेगळं होतं. "म्हणजे माझ्या हातातलं ते पाणी खोटं," ती म्हणाली. "पन्नास वर्षांनी हा मला शिकवणार." तिने भावाशी अबोला धरला. महिन्याभरात तिच्या मोरीतला नळ गळायला लागला, तर तिने दुसऱ्या नळवाल्याला बोलावलं.

वायसर माझ्या दुकानात येऊन बसला. मग म्हणाला, "बोलत नाही ते एक वेळ चालेल, काका. पण दुसऱ्याच्या हातचं वायसर?"

इकडे ताई थेट त्या चर्चच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, निघाली. मीही सोबत गेलो. अशा वेळी बाईमाणसाला एकटं सोडू नये, शिवाय घरी बसून मला चैन पडलं नसतं.

"तुम्ही इथले मोठे," ताईने सुरुवात केली. "तुम्ही नको म्हणालात की विषय संपला."

पाळक किडकिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाले, "माझ्या हातात नाही हो ताई. बुधवारी मंडळीने हात वर करून त्याला घ्यायचं ठरवलं. त्यात माझाही एकच हात."

"मग तुमच्या वरच्यांना भेटते."

"वर कुणी नाही. म्हणजे आहे," त्यांनी छताकडे बघितलं, "पण त्याला भेटायला माझी चिठ्ठी लागत नाही. बाकी इथलं सगळं इथलीच माणसं ठरवतात. मलाही त्यांनीच नेमलंय. नको झालो तर काढतीलही."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "मेंढरांनी काढून टाकावं असा पाळक मी पहिल्यांदा बघितला." दहा पावलं गेल्यावर म्हणाली, "रविवारी मी येणार. काय करतात ते बघते."

रविवारी सकाळी फळ्या उचलल्या आणि सगळे खाली बघत राहिले. टाकीत गुडघाभर पाणी.

झालं होतं असं. शनिवारी वायसरने टाकी घासली, काठोकाठ भरली, गळत नाही ना ते पाहिलं. आणि मग हत्यारं पिशवीत भरताना, आयुष्यभराच्या सवयीने, निचऱ्याची चावी अर्धा फेरा फिरवून आला. तपासणी झाली की पाणी सोडून द्यायचं, ही त्याच्या हाताची खोड. स्वतःच्या बाप्तिस्म्याचं पाणी त्याने स्वतःच्या हाताने गटाराला लावलं.

मंडळी हसली. वायसर कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "मग शिंपडा की. ओंजळभर पुरतं. आमच्यात पुरलं होतं."

हसणं थांबलं. पाळक शांतपणे म्हणाले, "भरू परत. दोन तास लागतील. कुणाला घाई आहे का?" कुणालाच नव्हती. वायसर पँट दुमडून टाकीत उतरला आणि नळाजवळ उभा राहिला. कुणीतरी चहा ठेवला. झगे शिवणाऱ्या बाई ताईशेजारी येऊन बसल्या. मी अर्थातच मागच्या बाकावर, कान टवकारून.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "समजा नळाला पाणीच आलं नाही आणि हा संध्याकाळी गेला. मग?"

"मग देवाकडे जाईल."

"बाप्तिस्म्याशिवाय?"

"पाण्याने कुणी तरत नाही, ताई. देवाची कृपा आणि त्यावरचा विश्वास, त्याने तरतो. पाणी म्हणजे ते चारचौघांत सांगणं."

"मग ओंजळीने का नाही सांगत?"

बाईंनी कप खाली ठेवला. "ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला. ते आपल्या अंगावर घेऊन दाखवायचं असतं. खाली जातो तो जुना माणूस, वर येतो तो नवा. ओंजळभर मातीत कुणाला पुरता येतं का?"

ताईने यावर थोडा विचार केला. "म्हणजे तुमच्या पाण्यानेही कुणी तरत नाही."

"नाही."

ताईचा चेहरा जरा खुलला. फार नाही. मग हळूच, खाली बघत तिने विचारलं, "आणि मी त्याला घेऊन उभी होते, ते काय होतं?"

मला वाटलं, आता बाई गोड बोलून वेळ मारून नेतील. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. आम्ही त्याला बाप्तिस्मा म्हणत नाही. तान्हं बाळ स्वतः विश्वास ठेवू शकत नाही, म्हणून. पण ते काय होतं, हे माझ्यापेक्षा त्यालाच विचारा."

टाकीतून वायसरचं डोकं वर आलं. तो सगळं ऐकत होता. "ताई, त्या दिवशी काय काय विचारलं होतं गं?"

ताईला पाठ होतं. "देवावर विश्वास ठेवतोस का. वाईटाची वाट सोडतोस का."

"आणि तू हो म्हणालीस."

"मग काय नाही म्हणू? तू तर झोपला होतास."

"तेच तर," वायसर म्हणाला. "आज मलाही तसंच विचारणार आहेत. तू हो म्हणालीस आणि माझ्यासाठी पन्नास वर्षं तो शब्द पाळलास. रोज मला घेऊन गुडघे टेकलेस. तू म्हणाली नसतीस तर मी या टाकीपर्यंत पोचलोच नसतो. पण आता मी जागा आहे. माझं उत्तर मी द्यायला नको?"

ताई उठून टाकीच्या काठाशी गेली आणि खाली वाकली. नळाचं पाणी पडत राहिलं. तिने विचारलं, "पाणी फार गार आहे का रे?"

"आहे थोडं."

"लहानपणी लगेच सर्दी व्हायची तुला."

पाणी छातीपर्यंत आलं. वायसर पांढरा झगा घालून पायऱ्या उतरला. पाळकांनी विचारलं, आणि तो "हो" म्हणाला, इतक्या मोठ्याने की माझ्या पुढच्या बाकावरचे आजोबा दचकले. मग पाळकांनी त्याला पाठीवर आडवं करून पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. माझं लक्ष हातातल्या घड्याळावर होतं. तीन सेकंद. ताईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. गल्लीतल्या सात मिनिटांचा हिशेब त्या एका नजरेत चुकता झाला.

वायसर निथळत वर आला तेव्हा टॉवेल घेऊन पायरीशी ताईच उभी होती. तिने त्याचं डोकं खसाखसा पुसलं, मग एकेक कान धरून पुसला.

"मोरीतला नळ अजून गळतोय," ती म्हणाली. "त्या माणसाला काडीचं येत नाही. उद्या ये."

टॉवेलच्या आतून आवाज आला, "वायसर गेलं असेल."

"येऊन बघ आधी. इथून सांगू नकोस."