मंगळसूत्र विकणारा ‘मी’

मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही आणि बायकोचं मंगळसूत्र मी कधीही विकलेलं नाही. हे सगळं मला एका रविवारी, पोह्यांच्या बश्या निवत असताना, पिंपळगावच्या पाहुण्यांना शपथेवर सांगावं लागलं!

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर मी कथा लिहायला लागलो. संपादक त्या इतक्या तत्परतेने परत करत, की वाचतात तरी कधी असा मला प्रश्न पडे. मग एका कथालेखन शिबिराला गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, ‘तो’ नको, ‘मी’ लिहा. वाचकाला खरं वाटलं पाहिजे." झालं! घरी येऊन बसलो आणि लिहिलं: ‘मी’ दारुडा, ‘मी’ जुगारी, ‘मी’ बायकोचं मंगळसूत्र विकणारा. आमच्या नाशिकच्या इंदिरानगर कॉलनीने ती कथा दिवाळी अंकात छापली, वर माझा फोटो! (त्यात माझे डोळे अर्धवट मिटलेले. तोही पुढे पुरावा ठरला.) आत्मविश्वास असा चढला, की नात्यातल्या एकूण एक व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ती टाकली.

नेमकं तेव्हाच आमच्या लेकीचं, पल्लवीचं, एका मध्यस्थामार्फत पिंपळगाव बसवंतला जमत आलं होतं. द्राक्षबागायतदार घर, सागर नावाचा सालस मुलगा, आणि मुख्य म्हणजे पल्लवीला तो मनापासून पसंत. बोलणी पक्की करायला सागर आणि त्याचे वडील बापूसाहेब आले. बापूसाहेबांनी पोह्यांना हात न लावता मोबाईल काढला.

"सोयरीक म्हटली की चौकशी आलीच, पाहुणे. पण आम्हाला कुणाला इचारायची गरजच नाय पडली. तुम्ही सोताच छापून टाकलंय! फोटोतले डोळेबी तेच सांगतात!"

मी ताडकन उठलो. "अहो, ती कथा आहे! काल्पनिक!"

"मग त्यातला ‘मी’ कोण हाय?"

"‘मी’ म्हणजे... मी नाही."

हा गडी आत्तासुद्धा घेऊन बसलाय, अशा नजरेने बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दाराआड पल्लवी रडकुंडीला आलेली. मी घाईघाईने बायकोला साक्षीला बोलावलं.

"सुनंदा, सांग यांना. हे सगळं मी मनाने रचलंय ना?"

"मनाने? तुम्ही?" सुनंदा खरोखरच विचारात पडली. "अहो बापूसाहेब, दारूला हे शिवत नाहीत हो. पण घरी उशीर झाला तर यांना साधी थाप सुचत नाही. आख्ख्या संसारात एकच कारण, स्कूटर पंक्चर!"

"मग एवढं लिवलं कसं?"

"तेच तर मला कळत नाहीये!"

कमाल झाली! नवऱ्याला वाचवायचं सोडून ही समीक्षा करायला बसली!

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "रचता येतं ना? मग आत्ताच्या आत्ता एक खोटी गोष्ट रचून दाखवा. जमली तर सोयरीक, नाय तर राम राम."

शिबिरात शिकलेलं सगळं डोक्यातून साफ उडालं. समोर सागर दिसला, मी त्यालाच धरला. "एक मुलगा होता. पिंपळगावचा. मालेगावला काम आहे म्हणून घरून निघायचा आणि थेट नाशिकला यायचा. गंगापूर रोडला एका मुलीबरोबर मिसळ खायचा. लग्न त्या दोघांनी केव्हाच ठरवलं होतं, मध्यस्थालाही त्यांनीच पढवून पाठवलं होतं. त्या मुलीचं नाव..." आता नाव सुचेना! घाईत घरातलंच घातलं. "पल्लवी."

खण्णकन सागरचा चमचा फरशीवर पडला.

"बाबा, माफ करा," तो चाचरत म्हणाला. "दोन वर्षं झाली. पण यांना कुणी सांगितलं, देवाशप्पथ मला माहीत नाही!"

मी आ वासून पल्लवीकडे बघितलं. पल्लवी जमिनीकडे बघत होती. सुनंदा माझ्यावर कडाडली, "तुम्हाला माहीत होतं आणि मला बोलला नाहीत?"

"अगं, मला आत्ता कळलं! मीच सांगितलं तेव्हा!"

बापूसाहेबांनी पोह्यांची बशी ओढून घेतली. "पोरांनी ठरवलंच हाय, तर आपण मोडणारे कोण? आणि पाहुणे, खोटं तुम्हाला रचता येत नाय, हे आज पटलं. मंगळसूत्र इकलं, तर इकलं म्हणून छापणारा असा इमानी व्याही शोधून सापडायचा नाय! फकस्त लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. दारू आजपासून बंद."

पल्लवीने डोळे पुसले आणि लगबगीने डोकं पुढे केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जन्मात कधीही न प्यालेली दारू त्या दिवशी कायमची सोडली!