पद्माबाईची नववी सहल

आमच्या जवळा बाजार गावात पद्माबाईला निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं समोर यावं, मी त्याला पेढे देईन. बाई जेवायचीसुद्धा उभ्यानं, चुलीकडं एक डोळा आणि दाराकडं एक. नवरा सटवाजी हमाली करणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणायचा, "हिच्या पायाला एक भिंगरी आन जिभेला दुसरी." बाईला ते ऐकू जायचं नाही, कारण तोवर ती तिसऱ्या घरी पोचलेली असायची. लग्नाच्या पंगतीचा स्वैपाक हा तिचा धंदा. दोनशे माणसांचं वरण ती अंदाजानं टाकायची आणि ते कधी कमी पडलं नाही की उरलं नाही.

गावातल्या शाळेची सहल दर फेब्रुवारीत हैदराबादला जायची. पुण्या-मुंबईला का नाही, असं बाहेरचा माणूस विचारील. आमच्याकडं तो प्रश्नच येत नाही. निजामाच्या राज्यात वाढलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना मुंबई परकी आणि हैदराबाद मामाचं गाव. शिवरात्रीच्या आसपास थंडी शिव शिव करत जाते, ऊन अजून डोक्यावर बसलेलं नसतं, देगलूरच्या पुढं रस्त्याकडेचा पळस पेटलेला असतो आणि वार्षिक परीक्षा महिनाभर लांब असते. लेकरांना शहर दाखवायला याहून बरे दिवस कोणते?

पण पन्नास लेकरांना हॉटेलात जेवू घालायची ऐपत ना शाळेची, ना आईबापांची. म्हणून एसटीच्या टपावर तांदूळ, डाळ, पातेली आणि रॉकेलचा मोठा स्टो, आणि आत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पद्माबाई. हे सुरू झालं १९९५ साली, आपला जिल्हा परभणी होता तेव्हा. पहिल्या वर्षी दोन-चार घरांनी लेकरांसोबत आपापल्या भाकरी बांधून दिल्या. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं नको, असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, पण ते कळतंच. दुसऱ्या दिवशी भाकरी वाळून खापरासारख्या झाल्या आणि तीच लेकरं ताटली घेऊन पुढं आली. भूक लागली की शहाणपण येतं, उशिरा का होईना.

तर पद्माबाई हैदराबादला गेली. आणि काय पाहिलं? गोवळकोंड्याच्या बाहेरचा नळ. प्राणीबागेच्या भिंतीलगतची सावली. म्युझियमच्या मागची गल्ली. चारमिनार तिनं बसच्या खिडकीतून पाहिला, तोही अर्धा, कारण मधे केळीचा गाडा आला. लेकरं आत जायची तेव्हा ही बाहेर कांदे चिरायची, आणि लेकरं बाहेर आली की वाढायची. सोबतीला ड्रायव्हर अन्सारभाई, कळमनुरीचे. ते म्हणायचे, "बाई, आपण दोघं हैदराबादचे लई जुने पाहुणे. फक्त अंगणातून वापस जातो, घरात कुणी बोलवत न्हाई."

शेवटचा मुक्काम हुसेनसागर. तळ्याच्या मधोमध भगवान बुद्धाची ती उंच दगडी मूर्ती, बोटीतून जायचं. पद्माबाईला काठावरून ती अंगठ्याएवढी दिसली. तिनं तिथूनच हात जोडले आणि पातेल्याकडं वळली, कारण तिथूनच सांजच्याला परत निघायचं होतं आणि त्याआधी लेकरं जेवली पाहिजेत.

घरी आली तेव्हा वस्तीतल्या बाया विहारापाशी जमलेल्या. त्यांत जिवनबाई. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, मूलबाळ नाही, मागं-पुढं कुणी नाही. तिनं विचारलं, "पद्मे, भगवानाच्या पायी डोकं ठेवलं का गं?"

आता खरं सांगायचं तर काय सांगायचं? मी कांदे चिरत होते? बाईची जीभ पायापेक्षा चपळ. "ठेवलं की! हातानं शिवले पाय. गार, लोण्यावानी मऊ दगड."

जिवनबाईनं तिचा हात धरला आणि आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. झालं! त्या क्षणापासून बाईच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती थांबली नाही.

खोटं एकदा बोललं की त्याला दर साली नवं लुगडं नेसवावं लागतं. परतीच्या बसमध्ये ती लेकरांना विचारून विचारून सगळं काढून घ्यायची. वाघ किती मोठा, घड्याळातून बाहुला कसा निघतो, किल्ल्यात खाली टाळी वाजवली तर वर कशी ऐकू येते. तेच पुढच्या वर्षीच्या लेकरांना जाताना सांगायची, "घड्याळाच्या म्होरं जाऊन बसा रे, मागं राहिलं तर काई दिसत न्हाई." लेकरांना वाटायचं, मावशीला सगळं ठाऊक. फक्त भगवानाच्या पायाचं ती कुणाला कधी विचारायची नाही. विचारलं तर पकडली जाईल, ही भीती.

आणि जिवनबाई? पद्माबाई रोज सांजच्याला तिच्याकडं भाकरी घेऊन जायची, आणि म्हातारी आठवड्यातून एकदा तरी म्हणायची, "सांग गं ते पायाचं." मग ही सांगायची. उभ्याउभ्या, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. आठ वर्षं सांगितलं. सांगून घरी आली की रात्रीची भाकर गिळायची नाही. सटवाजीनं एकदा विचारलं, "काय डाचून राहिलं तुला?" तर त्याच्यावरच खेकसली, "तुमच्या भाजीत मीठ जास्त झालं का? न्हाई ना? मग जेवा!"

२००३ साल. जिल्हा हिंगोली होऊन चार वर्षं होत आलेली, बाईची नववी सहल. निघायच्या आदल्या दिवशी जिवनबाई म्हणाली, "आता माझं काई खरं न्हाई पद्मे. यंदा माझ्या नावानं पाय शिवून ये."

पद्माबाई "व्हय" म्हणाली आणि तिथून अक्षरशः पळाली. एकदा खोटं बोलणं वेगळं आणि मरायला टेकलेल्या बाईच्या नावानं खोटं बोलणं वेगळं. तिनं ठरवलं, यंदा काही होवो, बोटीत बसायचंच.

दोन दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गोवळकोंड्याला वरणात मीठ दोनदा पडलं. प्राणीबागेपाशी तिनं झारा समजून उलथनं पातेल्यात घातलं. अन्सारभाई म्हणाले, "बाई, तब्येत बराबर न्हाई का?" ती म्हणाली, "तब्येतीला काय धाड भरली?" आणि तिसऱ्यांदा तेच तांदूळ निवडायला घेतले.

हुसेनसागरला पोचले तेव्हा साडेचार वाजलेले. लेकरं रांगेत उभी. यंदा पहिल्यांदाच सहलीवर आलेले प्रमुख रविंद्र सर तिकिटं काढायला निघाले. पद्माबाई हात पुसत त्यांच्या मागं गेली.

"सर, माझंबी एक काढा."

सर चकित झाले. "मावशी, मग खिचडी? सात वाजता गाडी सोडायची आहे."

"करते ना. आल्यावर हा हा म्हणता करते."

"आल्यावर अंधार पडेल." सर काही वाईट माणूस नव्हते, पण पन्नास लेकरांचा घोर डोक्यावर होता. "अहो, तुम्ही आठ वेळा पाय शिवून आलात. लेकरांना तुम्हीच सांगता. एका वर्षी नाही गेलात तर काय बिघडतं?"

रांगेत तिच्या वस्तीतलीच चार लेकरं होती, सातवीतली राणी तर शेजारच्या घरची. "बरं सर" म्हणून मागं फिरलं असतं तर अब्रू शाबूत राहिली असती. कांदे वाट पाहतच होते. एक पाऊल ती मागं फिरलीसुद्धा. मग थांबली.

"म्या एकदाबी गेले न्हाई सर," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की बोटवालाही बघायला लागला. "आठ वर्षं मी खोटं बोलले. मी इथंच असते, स्टोपाशी. विचारा अन्सारभाईंना."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अन्सारभाई बसच्या पायरीवरून उठून आले आणि म्हणाले, "सर, न्या बाईला. खिचडीच हाये ना? घरात आम्ही बिर्याणी उतरवतो, हे काय मोठं काम?" आणि त्यांनी खरंच बाह्या वर केल्या.

बोट हलली तशी पद्माबाईनं शेजारी बसलेल्या राणीचा दंड असा धरला की पोरगी कळवळली. पाण्याकडं बघायची तिची टाप नव्हती. पण मूर्ती मोठी होत गेली, अंगठ्याएवढी होती ती माणसाएवढी, मग घराएवढी, मग मान मागं टाकून पाहावी लागेल एवढी. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

उतरल्याबरोबर ती धावली. चबुतऱ्यापाशी गेली, हात वर केला, आणि थांबली.

हात पुरत नव्हता. मूर्ती उंच दगडी बैठकीवर उभी, आणि पाय कुठल्या कुठं वर. बाई चवड्यांवर उभी राहिली. उडी मारली, पन्नाशीची बाई! सर ताडमाड उंच, त्यांचाही हात पोचला नसता. तिथं कुणाचाच हात कधी पायाला लागत नव्हता.

मग तिच्या ध्यानात आलं. आठ वर्षांत वस्तीतली किती लेकरं इथं येऊन गेली! प्रत्येकानं हे पाहिलं. प्रत्येकाला कळलं की पद्मामावशी धादांत खोटं बोलते. आणि घरी येऊन ती ऐटीत सांगत होती, लोण्यावानी मऊ!

राणी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, मी पाठीवर घेऊ का तुमाला?"

"राणे, खरं सांग. तुला ठाऊक व्हतं?"

राणी खाली पाहायला लागली. "आमची ज्योतीताई सातवीत असताना आल्ती ना. तिनं मला सांगून ठिवलं व्हतं, तिथं गेल्यावर पायाचं काई बोलू नको, मावशीला वाईट वाटतं."

"आन जिवनबाईला? तिला कुणी सांगितलं का?"

"ते मला ठाऊक न्हाई."

परतीच्या बसमध्ये बाईनं लेकरांना काहीही विचारलं नाही. अन्सारभाईंची खिचडी तिखटजाळ झाली होती, लेकरं अजून हा-हू करत होती, तरी ती हसली नाही. देगलूर गेलं, नांदेड गेलं, तिच्या डोक्यात एकच, म्हातारीला काय सांगू?

सकाळी उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. तशीच पारोशी जिवनबाईच्या दारात. म्हातारी बाजेवर पडून होती. पावलांवरूनच तिनं ओळखलं. "आलीस का? शिवले का पाय?"

"न्हाई शिवले." पद्माबाई दारातच उभी. "तिथं हात पुरत न्हाई, जिवनमाय. कुणाचाच पुरत न्हाई. मी आजवर तुमाला खोटं सांगितलं. मी बोटीत बसलेच नव्हते कधी. काय बोलायचं ते बोला, जोड्यानं हाना मला."

म्हातारी बाजेवर उठून बसली. मग म्हणाली, "ठाऊक हाये मला. ज्योतीनं सांगितलं व्हतं, सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं! आन तुमी गप राहिल्या? वरून 'सांग गं, सांग गं' म्हणत राहिल्या? काहून?"

"मग काय करू? तुला म्हणलं असतं तर तू लाजली असतीस. उद्यापासून दारात आली नसतीस." म्हातारी पुढं म्हणाली, "भगवान तर तळ्यात उभा हाये, तो कुठं जातो? पण सांजच्याला माझ्याकडं तुझ्याबिगर कोण येतं गं?"

पद्माबाईला हुंदका आवरेना. म्हातारीनं चाचपडत बाजेवर बाजूला जागा केली.

"बस आता. खरं सांग. बोटीत बसल्यापास्नं."

पद्माबाई बसली. नाक पदराला पुसलं. एवढी चपळ जीभ, पण शब्द सापडायला वेळ लागला.

"पह्यलं तर," ती म्हणाली, "मी लई भ्याले, माय."